आईंचा आवाज ठेवायचा कुठे

घवाळींच्या घरात काहीही निवडायचं झालं की ते अक्षदाच्या गळ्यात पडायचं. फ्रिज कुठला घ्यायचा, आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे करायचं, कुठली पॉलिसी मोडायची आणि कुठली चालू ठेवायची, सगळं तिनंच बघायचं. कल्याणला एका ऑडिटरच्या ऑफिसात ती नोकरीला होती आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचायची तिला इतकी सवय झाली होती की बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूरसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. घरच्यांना ही मोठीच सोय. निवडायचं अक्षदानं, वापरायचं सगळ्यांनी, आणि बिघडलं की जाब परत अक्षदालाच.

त्यामुळे धाकट्या जावेचा, समृद्धीचा फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, पॉडकास्टसाठी होस्टिंग कुठलं घ्यायचं ते तुम्हीच फायनल करा ना, मला त्यातलं काही झेपत नाही," तेव्हा घरातल्या कोणालाही त्यात वावगं वाटलं नसतं. अक्षदाच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

कारण पॉडकास्ट होता आईंच्या गोष्टींचा, आणि काढणार होती समृद्धी. आई म्हणजे सासूबाई, सगुणाबाई.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी डोंबिवलीच्या घरात बाथरूमच्या लाद्या बदलायला काढल्या. धूळ, ठोकाठोक, पाण्याची बोंब. म्हणून आईंना आठवडाभर ठाण्याला धाकट्या लेकाकडे, दिपेशकडे पाठवलं. घोडबंदर रोडला त्याचा नवा फ्लॅट, तिथं लिफ्ट, बाग, खालीच देऊळ. तिथं समृद्धीनं काय जादू केली देव जाणे. एका दुपारी तिनं फॅमिली ग्रुपवर एक क्लिप टाकली. त्यात आई त्यांच्या गुहागरकडच्या खाडीची गोष्ट सांगत होत्या. खाडीवर एक देवचार, म्हणजे गावाचं राखणदार भूत, रोज होडीवाल्याकडे विडी मागायचा आणि एक दिवस होडीवाल्यानं त्याला उलटी पेटवून दिली, असं काहीतरी. आवाज असा लागला होता की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. ग्रुपवर नुसता पूर आला. कळव्याच्या मामांनी हात जोडले, कोणी बदाम टाकले, आणि कोणीतरी लिहिलं, "समृद्धी, काय खजिना शोधून काढलास गं!"

खजिना शोधून काढला म्हणे! पंधरा वर्षं तो खजिना डोंबिवलीत अक्षदाच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होता. त्याच्या गोळ्या, त्याचं पथ्य, त्याची कवळी, एकादशीचे वरीचे तांदूळ, हिवाळ्यात गुडघ्याला चोळायचं तेल, सगळं अक्षदानं सांभाळलं. आणि पंधरा वर्षांत आईंनी थोरल्या सुनेला एक गोष्ट म्हणून सांगितली नव्हती. आठवडाभर पाहुणचार करणाऱ्या धाकटीपुढे मात्र सगळी पोतडी रिकामी! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

हेवा वाईट, हे काय अक्षदाला कळत नव्हतं? लख्ख कळत होतं. पण कळून तो थांबला असता तर मग काय हवं होतं. कल्याणला ऑफिसात जाताना रिक्षात बसली की ती कानात इअरफोनचे बोळे घालून तीच क्लिप लावायची. गोष्टीकडे तिचं लक्षच नसायचं. मध्ये एका जागी समृद्धी खुदकन हसली होती, तेवढाच भाग ती पुन्हा पुन्हा ऐकायची, दुखऱ्या दाढेला जिभेनं चाचपून बघावं तशी. हसते कशी बघा, लाडाची. माझ्यासमोर आई कधी हसवत नाहीत कोणाला.

"माझ्याच गळ्यात का हे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अरे यार, तुलाच कळतं ना त्यातलं," सुदेश टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे. बघून टाक. आईचं नाव होतंय ना!"

आईचं नाव होत होतं आणि कौतुक समृद्धीचं. पण हे सुदेशला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तर अक्षदा बघायला बसली. होस्टिंग म्हणजे काय हे तिला तरी आधी कुठे माहीत होतं? वाचता वाचता उलगडलं. आपण ज्या अ‍ॅपवर पॉडकास्ट ऐकतो तिथं तो राहतच नाही. तो ठेवलेला असतो भलत्याच जागी, भाड्यानं घेतलेल्या, आणि सगळी अ‍ॅपं तिथून उचलून लोकांच्या कानापर्यंत पोचवतात. पोळीभाजी केंद्रात स्वयंपाक एकीकडे होतो आणि डबे गावभर जातात, तसला प्रकार. केंद्राला कुलूप लागलं की सगळ्यांचे डबे रिकामे. म्हणजे जागा नीट बघून घ्यायला हवी, एवढं तिला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. तिनं तीन कंपन्या बाजूला काढल्या आणि त्यांच्या अटी मोबाईलवर उघडल्या.

संध्याकाळची वेळ. कुकर लावलेला, मोबाईल मिक्सरला टेकवून उभा. लाद्यांचं काम उरकून आई परत आल्याला तीन आठवडे झाले होते. त्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या आणि नेहमीसारखं आपलं काहीबाही बोलत होत्या.

"…तवा पूल कुठला गो. होडीनंच जायचं. आणि माझा सासरा म्हंजे…"

"हुं," अक्षदा म्हणाली. पहिली कंपनी महिन्याचं भाडं घेणार होती. पण टाकलेला प्रत्येक भाग कायम राहणार, आणि उद्या दुसरीकडे जावंसं वाटलं तर सगळं बिऱ्हाड ऐकणाऱ्यांसकट हलवता येणार.

"…डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणारी वहाण. आय बोलली, सगुणे, मान वर करायची नाय."

"हुं." दुसरी फुकट, पण मधेमधे आपल्या जाहिराती घुसडणार. देवचार विडी मागतोय आणि तेवढ्यात कर्ज घ्या, कर्ज! ती बाद.

"…आणि मांडीवर टोपली. टोपलीत कोंबडी. आयनं दिलेली, तिची शेवटची भेट…"

"हुं." तिसरीही फुकट. जाहिराती नाहीत, वापरायला सोपी, रंगसुद्धा गोड. एवढं सगळं चांगलं असलं की अक्षदाला संशय यायचा. ती सवयीनं खाली खाली जात राहिली. अगदी तळाला फिक्या राखाडी अक्षरांत एक ओळ होती. फुकटच्या योजनेतले भाग नव्वद दिवसांनंतर काढून टाकले जातील.

अक्षदानं गॅस बारीक केला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मागे आई काहीतरी सांगून हसल्या, तशी तीही थोडी हसली.

दुसऱ्या कोणासाठी निवडायचं असतं तर तिसऱ्या कंपनीवर तिनं तिथल्या तिथे काट मारली असती. आज तिचा हात अडला. समृद्धी ही ओळ वाचणार नव्हती. ती आयुष्यात कुठलीच ओळ वाचत नसे. शिवाय फोन भरला की मागचं पुढचं न बघता सगळं पुसून टाकायची तिची खोड होती, तिच्या साखरपुड्याचे फोटो असेच गेले होते. म्हणजे तीन महिन्यांनी एकेक भाग गुपचूप गळत जाणार. खजिना शोधणारीच्या हातात रिकामी पोतडी. दोष कंपनीचा. कोणी विचारलंच तर म्हणायचं, मला काय स्वप्न पडलं होतं?

आईंचा आवाज जाईल, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण त्या आवाजातलं आपल्या वाट्याला काय आलं होतं? आपल्या ताटात कधी वाढलंच नाही ते दुसऱ्याच्या ताटातून उचललं गेलं तर आपण का रडायचं? असं ती मनाशी म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली.

तिनं समृद्धीला मेसेज केला. "तिसरी कंपनी घे. फुकट आहे, सोपी आहे." लगेच उत्तर आलं. "थँक्यू ताई! तुमच्यावर डोळे झाकून विश्वास." पुढे तीन बदाम. ते बदाम अक्षदाला जरा टोचले. पण जरासेच.

शनिवारी मात्र तिला राहवलं नाही. आई देवाच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मोबाईल ठेवून, रेकॉर्डिंगचं बटण दाबून ती म्हणाली, "आई, मलाही सांगा की एखादी गोष्ट."

आईंनी मोबाईलकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुला?" त्या म्हणाल्या. "तुला काय नवीन सांगू? तुला तर सगळं ठावं हाय."

अक्षदानं मोबाईल उचलला. असं का! धाकटीला देवचार, खाडी, होडीवाला, आणि मला उडवाउडवीची उत्तरं. बरं झालं, तिसरी कंपनी निवडली ते. उलट नव्वद दिवस जास्तच झाले.

रविवारी पहिला मोठा भाग रेकॉर्ड करायचा होता म्हणून सगळे ठाण्याला जमले. समृद्धीनं नवा माइक मागवला होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून बेडरूमची कपाटं सताड उघडी, साड्या आणि शाली बाहेर लोंबत्या, खिडकीला रजई. पंखा बंद. सुदेश आणि दिपेश दोघे सारखे खोकतात म्हणून त्यांना वडे आणायला पिटाळलं. आईंना पलंगावर लोड देऊन बसवलं. अक्षदा कोपऱ्यात खुर्चीवर, हाताची घडी घालून.

"आता आई बोलताना कोणी काही म्हणजे काही बोलायचं नाही हां," समृद्धीनं बजावलं. "दुसरा आवाज मधे आला की कट करता करता माझी वाट लागते. आई, तुमच्या लग्नातली होडीची गोष्ट, ती सांगा. स्टार्ट!"

माइकवरचा लाल दिवा लागला.

"तवा पूल नव्हता," आई म्हणाल्या. "वऱ्हाड होडीत बसलं." आणि थांबल्या.

समृद्धीनं मान डोलावली, पुढे पुढे अशी हाताने खूण केली.

"होडीत बसलं," आई पुन्हा म्हणाल्या. "माझा सासरा माझ्यासमोर." पुन्हा थांबल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "ऐकतायसा ना गो?"

समृद्धीनं अंगठा दाखवला. आईंना त्या अंगठ्याचं काय करावं ते कळेना. तिसऱ्यांदा त्यांनी होडीत वऱ्हाड बसवलं आणि होडी काही हलेना.

"काय झालं आई?" समृद्धीनं रेकॉर्डिंग थांबवलं. "मागे क्लिप केली तेव्हा तर मस्त बोललेलात!"

"तवा तू हुं हुं म्हणत होतीस," आई म्हणाल्या. "हुंकार देणारा नसला तर गोष्ट कुणाला सांगायची? भिंतीला? आमच्यात दोन पोरं भांडायची, आज हुंकार मी देणार म्हणून."

कोपऱ्यात अक्षदाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घे आता! माइक आणलास, शाली टांगल्यास, आणि आईंच्या तोंडून शब्द फुटेना. अजून थोडी फजिती व्हावी असं तिला मनापासून वाटत होतं, तेवढ्यात आईंनी तिच्याकडे बोट केलं.

"तिला बसव माझ्यासमोर. पंधरा वर्सं हुंकार देते ती. एक दिवस चुकली नाय. तिचा हुंकार असला ना, मी अख्खा गाव उभा करीन."

हे समृद्धीसमोर! अक्षदा उठली ती वीतभर उंच होऊनच. "सरक गं जरा," ती जावेला म्हणाली आणि पलंगाच्या कडेला आईंच्या समोर बसली. पंधरा वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. हा कसला हुंकार म्हणतायत त्या, कधीचा, हे विचारायचं तिला सुचलंही नाही. मोठेपण मिळतंय तेव्हा पावती कोण मागतं?

दिवा लागला.

"तवा पूल नव्हता."

"हुं."

"वऱ्हाड होडीत बसलं. माझा सासरा माझ्यासमोर. डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणारी वहाण."

"हुं."

आणि खरंच होडी हलली. आईंचा आवाज खाली उतरला, पाण्याच्या जवळ गेला. हळदीच्या अंगानं बसलेली चौदा-पंधरा वर्षांची सगुणा, मान खाली. मांडीवर टोपली, टोपलीत आयनं दिलेली कोंबडी. खाडीच्या मधोमध वाऱ्याचा झोत आला, टोपलीचं फडकं उडालं आणि कोंबडी फडफडत पाण्यात. वऱ्हाड ओरडायला लागलं. सासऱ्यानं क्षणाचाही विचार केला नाही, टोपी फेकली आणि धोतरासकट उडी मारली. अक्षदा अचूक जागी हुं म्हणत होती, आवाज मधाळ लावून, कारण तो आता रेकॉर्ड होत होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती समृद्धीकडे बघत होती. कसं वाटतंय आता, बाळा?

"सासरा पाण्यात गेला," आई म्हणाल्या, आणि थांबून त्यांनी मिश्किलपणे मान तिरकी केली. "हां. आता पुढचं तू सांग. हुंकार देणाऱ्याला मधीच धरायचा असतो, झोपला नाय ना बघायला. मग काय झालं?"

"हुं," अक्षदा सवयीनं म्हणाली.

"सांग की. शंभर टायमाला ऐकलीस. परवा मेथी निवडताना तर सांगितली."

परवा? मेथी निवडताना? तिला आठवत होती ती राखाडी ओळ, अक्षर न अक्षर. मेथीचं काही म्हणजे काही आठवेना. लाल दिवा जळत होता. परीक्षेत ठोकून द्यावं तसं तिनं ठोकून दिलं. "मग… त्यांनी कोंबडी धरून आणली."

आई तिच्याकडे बघत राहिल्या. "धरून आणली?"

"त्यांना पोहता येत नव्हतं ना, आई," मागून समृद्धी हळूच म्हणाली. तिला कुरघोडी करायची नव्हती, तिला नुसतं राहवलं नव्हतं. "कोंबडी आपली आपण काठाला लागली आणि तुमचे सासरे गटांगळ्या खायला लागले. मग नवरीनंच उडी मारून त्यांना बाहेर काढलं. नऊवारीसकट!"

"आई, तुम्हाला पोहता येतं?" अक्षदाच्या तोंडून निघून गेलं.

एकदा ऐकलेल्या धाकटीला सगळं पाठ होतं. थोरलीला सासूला पोहता येतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मेथी, लसूण, वालाचं बिरडं, पंधरा वर्षांच्या संध्याकाळी अक्षदाच्या डोळ्यांपुढून सरकल्या. प्रत्येक संध्याकाळी स्टुलावरून कोणीतरी बोलत होतं आणि ओट्यापाशी कोणीतरी हुं म्हणत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्यातही समृद्धीचा हेवा होताच, उलट वाढला होता. हिला आठवतं कसं? एकदाच ऐकून?

"म्हंजे तू नुसतं हुं म्हणत होतीस होय गो," आई म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर सारखा केला, लोडाला टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग आता ऐक. तवा पूल नव्हता."

हुं म्हणायची जागा आली. अक्षदाला हुंकार देता येईना. आई थांबल्या, वाट बघत राहिल्या.

"हुं," ती कशीबशी म्हणाली आणि होडी निघाली. या वेळी पुढचा हुं कुठे येणार ते तिला आधी कळत नव्हतं. प्रत्येक वेळी वाक्य संपेपर्यंत ऐकावं लागत होतं. सासऱ्याला काठावर आणला, पोटातलं पाणी काढलं, आणि ओलीचिंब नवरी घेऊन वऱ्हाड दारात उभं राहिलं तेव्हा सासू आरती घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अगो बाय, नवरी धुऊन आणलात की काय?" समृद्धी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. अक्षदा हसली तेव्हा तिला कळलं की डोळ्यांतून पाणी येतंय.

दिवा विझला. समृद्धीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. "भारी झालंय! हुंकार ठेवते हां तसाच, कट नाही करत. ताई, तुम्ही सांगितलेल्या तिसऱ्या कंपनीवरच अकाउंट काढलंय. अपलोड करते?"

"थांब," अक्षदा म्हणाली. "तिथं नको. पहिली घे, भाड्याची."

"का? ही फुकट आहे ना?"

"तिथं तीन महिन्यांनी सगळं पुसून टाकतात."

समृद्धीचं बोट बटणावरच राहिलं. "बाप रे! बरं झालं सांगितलंत. आत्ता कळलं का तुम्हाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. समृद्धीनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. अक्षदानं नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे… मेसेज केलात तेव्हाच माहीत होतं?"

आई लोडाला टेकून दोघींकडे बघत होत्या.

"हुं," अक्षदा म्हणाली.